बिनदाराची खोली

यंत्र म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." बाईचा आवाज, गोड आणि अजिबात न थकणारा. शिकवताना माझा आवाज असा राहिला असता तर विद्यार्थ्यांनी मला डोक्यावर घेऊन मिरवलं असतं. मी काचेवर बोट ठेवलं, उचललं, पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं, परत ठेवलं. पुन्हा प्रयत्न करा. तपासणी कक्षातली मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली, पडद्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला ठसेच नाहीत." मी म्हटलं, "डाव्या हाताला नाहीत. जन्मभर व्हायोलिनच्या तारांवर घासलीत ती बोटं. उजव्याची घे, तिथे अजून माणूस शिल्लक आहे." ती हसली, पण नियमाला दोन्ही हात लागतात म्हणाली. मग टेबलाला वळसा घालून, अगदी सहज, मदत म्हणून, ती माझ्या पाठीमागे आली, खांद्यावरून हात पुढे घातला आणि माझं मनगट धरून बोट काचेवर दाबलं. "सोड!" मी ओरडले. नुसती ओरडले नाही, कोपराने तिला ढकललं. रांगेतली माणसं मान वळवून बघायला लागली. एकाच्या हातातली फाइल खाली पडली. त्या बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी मॅडम, सगळ्यांना असंच करते मी." मी तिला म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. फक्त मागून नको. पुढून ये आणि सांग, मी दाबते." मग मी सगळ्या ताकदीनिशी बोट दाबलं, इतकं की नख पांढरं पडलं, आणि यंत्राने एकदाचं मान्य केलं की मी आहे.

बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले तेव्हा मनगट दुखत होतं. त्या पोरीच्या हातात एवढा जोर असणं शक्यच नव्हतं. दुखणं जुनंच होतं, जागाही तीच होती. मला माझाच राग आला. एवढी चोपन्न वर्षांची घोडी झाले, विभागात माझ्या तोंडाला लागायला माणसं घाबरतात, आणि कोणी मागून हात धरला की मी अजून अकरा वर्षांची होते म्हणजे काय! नियम मला मान्य होता. मान्य कसला, मला तो हवाच होता. विद्यापीठात जो कोणी मुलांच्या आसपास काम करेल, तो पोहण्याच्या तलावावरचा असो, शाळेच्या सहलीला प्रयोगशाळा दाखवणारा असो, नाहीतर आमच्यासारखा दर शनिवारी मुलांना वाजवायला शिकवणारा असो, त्याने ठसे द्यायचे, पोलिसांचा दाखला आणायचा, प्रशिक्षणाला बसायचं, आणि बंद खोलीत मुलाबरोबर एकट्याने राहायचं नाही. आमच्या सरावाच्या खोल्यांची दारं जाड, आतून गादी ठोकलेली, कारण एका खोलीतला आवाज दुसरीत गेला तर कोणालाच काही शिकता येत नाही. त्या दारांना सुट्टीत भोकं पाडून काचा बसवल्या. शिक्षकांच्या खोलीत तर भडकाच उडाला. पियानोवाले म्हणाले, "म्हणजे आम्ही चोर? एवढी वर्षं घासल्यावर हे बक्षीस?" बासरीवाली म्हणाली, "काचेतून लोक बघतात, मला प्राण्यांच्या बागेत असल्यासारखं वाटतं." मग सगळे माझ्याकडे वळले, कारण भांडण असलं की पुढे मलाच ढकलायचं हा आमच्याकडचा रिवाज आहे. मी चहा संपवला आणि म्हटलं, "कर नाही त्याला डर कशाला? ठसे मागितलेत, किडनी नाही. हवं तर पायाची बोटंही घ्या म्हणावं माझ्या." पियानोवाले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं, त्या दोन दिवसांत त्यांची गुडघेदुखी ऐकावी लागली नाही.

माझ्याबद्दल विभागात एक विनोद आहे, की मी तोंडाने व्हायोलिन शिकवते. खरं आहे ते. बाकीचे सगळे मुलाच्या मागे उभे राहतात, त्याचं मनगट धरतात आणि गज ओढायला लावतात. जगभर असंच शिकवतात, माझ्या शिक्षकांनाही असंच शिकवलं होतं. पण मी मुलांना हात लावत नाही. मुलाला आरशासमोर उभं करते, खांद्यावर पुठ्ठ्याची नळी धरायला लावते आणि त्या नळीतून गज सरकवायला सांगते. गज वाकडा गेला की नळी खाली पडते आणि मुलं खिदळतात. तीन महिन्यांत हात सरळ होतो. मनगट धरलं तर तीन आठवड्यांत होतो, हे मला माहीत आहे. "हिला मुलांची किळस आहे की काय," असं कोणीतरी मागे म्हणालेलं मी ऐकलं होतं. म्हणू देत. नळ्यांसाठी मी घरी पुठ्ठे जमवते, आणि माझ्याकडची टोपीवाली तर त्या नळीवर चित्रं काढते. टोपीवाली म्हणजे एक लाल लोकरीची टोपी, आणि तिच्याखाली एक दहा वर्षांची पोरगी, जी बेसूर वाजलं की आधी स्वतः हसते आणि मग सुरात येते. असा कान मी फार कमी मुलांचा पाहिलाय. खोटं कशाला बोलू, माझा जीव आहे तिच्यावर.

आमच्या विभागप्रमुखांना पाठीमागे सगळे गुळगुळे म्हणतात. ते त्यांचं आडनाव नव्हे, स्वभाव आहे. ठसे दिले त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. "बाई, एक आनंदाची बातमी. मोठे सर परत शिकवणार आहेत. शनिवारी. मानद म्हणून. त्यांनी गेल्या आठवड्यात मुलांना ऐकलं ना, त्यात तुमची ती टोपीवाली त्यांना फार आवडली. म्हणाले, ही मला द्या. चार नंबरच्या खोलीत घेतील तिला." मी विचारलं, "त्यांचे ठसे?" गुळगुळे हसले. "अहो, ऐंशीच्या घरातला माणूस. ज्यांच्या नावाचं आपलं सभागृह आहे, त्यांना त्या रांगेत उभं करायचं? तांत्रिकदृष्ट्या ते पाहुणे आहेत, कर्मचारी नव्हेतच. फक्त तुम्ही शनिवारच्या वर्गाच्या प्रमुख, म्हणून तुमची एक सही लागेल, की पाहुणे मुलांबरोबर असताना तुम्ही पूर्ण वेळ हजर होतात." मी म्हटलं, "त्या वेळेला माझा स्वतःचा वर्ग असतो. शेजारच्या खोलीत. मधे भिंत आहे." "सही म्हणजे काय हो, थोडी शाई," ते म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. आणि तुमचं नाव त्यांनीच सुचवलं. म्हणाले, ती तर माझी मुलगीच आहे." मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "मी सही करणार नाही." "कारण?" "कारण मी तिथे नसेन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग शनिवारचा वर्गच बंद ठेवावा लागेल, बाई. सरांना नाही म्हणायची माझी तरी हिंमत नाही." मला त्या क्षणी त्यांची कीव आली असं म्हणायला छान वाटलं असतं. कीव वगैरे काही आली नाही, त्यांचा टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.

मुलगीच आहे. त्यांनी तेव्हाही बाबांना हेच सांगितलं होतं, की ही माझी मुलगीच समजा, आणि बाबा गहिवरले होते. मी अकराची होते, अंगापेक्षा व्हायोलिनची पेटी मोठी. तेव्हाही खोली चार नंबरचीच. तेव्हा दाराला काच नव्हती, नुसती हिरवी गादी, तिच्यावर पितळी खिळे. सर माझ्या मागे उभे राहायचे, मनगट धरायचे. ते शिकवणंच होतं, सगळ्यांना तसंच शिकवत. त्यामुळे ज्या दिवशी तो हात मनगटावरून निघाला आणि जिथे जायला नको तिथे गेला, त्या दिवशीही मला आधी वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय, गज वाकडा जातोय, म्हणून ते असं करताहेत. "वाजवत राहा," ते म्हणायचे. मी वाजवत राहायचे. मी ते पितळी खिळे मोजायचे आणि मधेच चुकून परत पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांचा कोट दाराच्या हुकाला टांगलेला असायचा, त्याला कापूर आणि तंबाखूचा वास यायचा. दोन वर्षं चाललं ते. मग सरांना माझ्याहून हुशार कोणीतरी मिळालं आणि मला दुसऱ्या शिक्षकांकडे दिलं, तर बाबा माझ्यावरच रागावले, की तू मेहनत करत नाहीस, म्हणून त्यांनी तुला सोडलं. इथे लोकांना वाटतं की आता मी म्हणेन, मी तेव्हा बोलायला हवं होतं. मुळीच म्हणणार नाही. अकरा वर्षांच्या पोरीने काय काय करायला हवं होतं याची यादी मला कोणी वाचून दाखवू नये. ज्याने करायला नको होतं त्याला दाखवा. मी व्हायोलिनही सोडलं नाही. ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. ते निवृत्त होऊन मुलाकडे परगावी गेले आणि मगच मी या विभागात नोकरीला आले. त्या चार नंबरच्या खोलीत मी कधी वर्ग घेतला नाही, एवढी एकच सवलत मी स्वतःला दिली. आणि आता हा माणूस परत आला होता. गेल्या शनिवारी मुलांना ऐकायला त्याच खोलीत बसला, तेव्हा मी बाहेरून जाताना सवयीने काचेकडे पाहिलं आणि आत काहीच दिसलं नाही, काळं कापड दिसलं. विद्यापीठाने एवढा खर्च करून काच बसवली होती, पण तिच्या बरोबर वर असलेला जुना हुक काढायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्या हुकाला कोट टांगलेला होता.

ताईला फोन केला. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तीच मला क्लासला नेऊन सोडायची आणि बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची. मी विशीत असताना तिला हे सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, झालं गेलं गंगेला मिळालं. आताही म्हणाली, "अगं, म्हातारा झालाय तो. आज आहे, उद्या नाही. कशाला आता शिळ्या कढीला ऊत?" मी म्हटलं, "ताई, त्याला दहा वर्षांची एक पोर हवीय. ती शिळी नाही." पलीकडे भांडी वाजत होती ती थांबली. "तुला नोकरी घालवायचीय का?" "गेली तर गेली. मी घरी पुठ्ठ्याच्या नळ्या विकेन." तिला हसू आलं नाही. मग ती म्हणाली, "मी बाहेरच बसायचे गं. एका दारापलीकडे. मला कधी काही ऐकूच आलं नाही." तिचा आवाज असा फुटलेला मी आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. मला तिच्यावर इतकी वर्षं राग होता हे मला तेव्हा कळलं, कारण तो तेव्हाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी परत तपासणी कक्षात गेले. पेन्सिलवाली मुलगी मला बघून दोन पावलं मागे सरली. मी म्हटलं, "घाबरू नकोस, आज भांडायला नाही, शिकायला आलेय. समज, एखाद्याने ठसे दिले, दाखला आणला, सगळं स्वच्छ निघालं. पण माणूस स्वच्छ नाही. मग तुमचं यंत्र काय करतं?" "यंत्र काय करणार, मॅडम? कोणी कधी तक्रारच केली नसेल तर दाखला कोराच येणार. कोणीतरी सांगावं लागतं." "आणि चाळीस वर्षांनी सांगितलं तर?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. ती पोरगी काही मूर्ख नव्हती. "तर मी लिहून घेईन," ती म्हणाली. "पण आज आमच्या प्रमुख बाई नाहीत, त्यांच्यासमोरच घ्यावं लागतं. सोमवारी या. मी समोरच बसेन." मी तिच्या टेबलावरचं बिस्किट न विचारता खाल्लं आणि निघाले. सोमवार ठीक होता, पण मधे शनिवार येत होता. गुळगुळ्यांनी वर्ग काही बंद ठेवला नव्हता, सही मागाहून घेऊ म्हणत सरांना बोलावलंच होतं. हुक काढला असता तर त्या माणसाने काचेवर कागद चिकटवला असता, कागद काढला असता तर पडदा आला असता, उन्हाचा त्रास होतो म्हणून. मोठ्या माणसाला त्रास होतो म्हटल्यावर गुळगुळे स्वतः स्टुलावर चढून पडदा लावतील, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी विद्यापीठाच्या सुताराला गाठलं. "चार नंबरचं दार काढायचंय." तो म्हणाला, "काय झालंय दाराला?" "काहीच नाही. दार एकदम ठणठणीत आहे, म्हणूनच काढायचं." "कागद आहे का, बाई?" "कागद नाही. मी आहे." त्याने कानावरची बिडी काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "काच मीच बसवली होती. हुकाचं मला कोणी सांगितलंच नाही." शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते दार उतरवलं. केवढं जड होतं! आम्ही ते सामानाच्या खोलीत उभं केलं, हिरवी गादी भिंतीकडे करून. काही खिळे गळून पडले होते. मी मोजले नाहीत.

शनिवारी सगळ्यांत आधी आली ती ताई. पहाटेची गाडी पकडून, न सांगता. चार नंबरसमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. बाक बदललाय, जागा तीच. मग मुलं आली, त्यांचे आईवडील आले, नेहमीचा गोंधळ, आणि मग गुळगुळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून सर आले. वाळलेले, पण हात तसेच, मोठे, स्वच्छ, नखं कापलेली. त्यांनी कोट काढला आणि टांगायला गेले तर टांगायला काही नव्हतं. कोट हातात घेऊन ते चौकटीत उभे राहिले. "दार कुठे गेलं?" "काढलं," मी म्हटलं. "मी काढलं." गुळगुळे म्हणाले, "बाई, हे काय? कोणाच्या परवानगीने? आवाज सगळीकडे जाईल!" "जाऊ दे की. त्यासाठीच." सर हसले, ते जुनं, समजूतदार हसू. "पोरी, तुझा तापटपणा गेला नाही अजून. मी तुला घडवलं, तेव्हापासून अशीच." मी म्हटलं, "तुम्ही मला घडवलं नाहीत. मी तुमच्या तावडीतून वाचले आणि मग स्वतः शिकले. याच खोलीत तुम्ही माझ्या अंगावर हात टाकलात, सर. मी अकरा वर्षांची होते. दार बंद करून, दोन वर्षं. म्हणून आता दार नाही, आणि ही मुलगी तुम्हाला मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही. सोमवारी हे सगळं मी तपासणी कक्षात लिहून देणार आहे. गुळगुळेसाहेब, त्यावर सही करायला मला शाई पुरेल."

तोंडावर गुळगुळे म्हटलं हे मला नंतर कळलं. बासरीवालीची बासरी थांबली होती. पियानोवाले आपल्या खोलीच्या दारात उभे होते. आईवडिलांपैकी कोणी पुढे आलं नाही, कोणी मागे गेलं नाही, फक्त टोपीवालीच्या आईने तिला जवळ ओढलं. सर म्हणाले, "हिला बरं नाही. कोण विश्वास ठेवेल यावर? साक्षीला कोण होतं?" तेव्हा बाकावरून ताई उठली. तिच्या मांडीवरची पिशवी पडली, लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. "मी होते," ती म्हणाली. "मी इथेच बसायचे. तुमचं दार चांगलं होतं, मला काही ऐकू आलं नाही. पण ती बाहेर यायची तेव्हाचं तिचं तोंड मी दर वेळी बघितलंय, आणि ते मी सांगणार आहे." सरांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना ती आठवतही नव्हती. त्यांनी कोट घालायला घेतला, एक बाही सापडेना. गुळगुळे मदतीला पुढे झाले, आणि मग अर्ध्यात थांबले. त्यांचा हात पुढे आलेला होता, तो त्यांनी मागे घेतला. सरांना बाही स्वतःच शोधावी लागली. ते गेले. वर्ग राहील की बंद पडेल, माझी नोकरी राहील की जाईल, मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. पियानोवाल्यांनी खाली वाकून लोकरीचा गुंडा उचलला, गुडघेदुखी असताना, आणि ताईच्या हातात दिला.

मी चार नंबरच्या खोलीत पाय ठेवला. खोली लहानशी होती, आठवणीतल्यापेक्षा किती लहान. टोपीवाली आईचा हात सोडून माझ्या मागोमाग आली. तिची आई चौकटीत उभी राहिली, आणि मी तिला म्हटलं, "उभ्या कशाला? खुर्ची घ्या, इथेच बसा." पोरीने पेटी उघडली, पुठ्ठ्याची नळी बाजूला ठेवून व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि मान तिरकी करून मला म्हटलं, "बाई, तुम्ही आत्ता केवढ्याने बोललात! सगळ्यांना ऐकू गेलं." "हो." "मी वाजवलेलं पण सगळ्यांना ऐकू जाईल?" "अगदी तळमजल्यापर्यंत." "चुकलं तरी?" "चुकलं तरी." तिने टोपी खाली ओढली, गज उचलला, आणि पहिलाच सूर असा काही बेसूर लागला की बाहेर बाकावर बसलेली ताई रडता रडता हसली. मी मागे सरून भिंतीला टेकले, हात पाठीशी बांधले, आणि म्हटलं, "जोरात."